जॉन ॲडम्सचं ऑर्केस्ट्रा संगीत: कुठून सुरू करायचं आणि कसं ऐकायचं

आपल्याकडे वेस्टर्न क्लासिकल ऐकणारे बरेच लोक मोझार्ट, बीथोवन, फारतर चायकॉव्हस्कीपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. आजचा कुणी हयात कंपोझर लावला की दोन मिनिटांत बंद, कारण एकतर सगळं कर्कश वाटतं नाहीतर तेच तेच चाललंय असं वाटतं. माझं म्हणणं असं की ज्याला खयाल, ठुमरी, तबला सोलो ऐकायची सवय आहे त्याच्यासाठी या नव्या संगीतात शिरायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जॉन ॲडम्स. अमेरिकन, जन्म १९४७ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचा. वडिलांकडून क्लॅरिनेट शिकला, लहानपणी बँडमध्ये वाजवलं, हार्वर्डला शिकला आणि १९७१ साली कॅलिफोर्नियाला गेला तो कायमचा तिकडचाच झाला. ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्या आजच्या लोकांमध्ये ज्यांच्या रचना जगभर खरंच पुन्हापुन्हा वाजवल्या जातात अशी नावं फार नाहीत, त्यातलं हे एक.

आता मुद्द्याचं. ॲडम्स ऐकताना चाल शोधत बसायचं नाही, आधी लय पकडायची. एवढं एक जमलं की अर्धं काम झालं. होतं काय, की आपण ऑर्केस्ट्रा लावतो आणि गुणगुणता येईल अशी धून कधी येते याची वाट बघत बसतो, ती येत नाही, मग कंटाळा येतो. ॲडम्सच्या संगीतात, निदान त्याच्या सुरुवातीच्या कामात, एकच स्वरसंगती, म्हणजे एकदम वाजणाऱ्या काही स्वरांचा गुच्छ, बराच वेळ खाली धरलेली असते, तिच्यावर छोटे छोटे स्वरसमूह सारखे फिरत असतात, कुठे एखादी मात्रा वाढते, कुठे एखादं वाद्य येऊन मिसळतं, आणि मग अचानक खालची स्वरसंगती बदलते आणि सगळा रंगच पालटतो. तो बदल म्हणजे इथली खरी घटना. त्याची वाट बघायची, धुनेची नाही. गुडघ्यावर हाताने ठेका धरून ऐकलंत तर पहिल्याच वेळी कळेल मी काय म्हणतोय ते.

या पद्धतीला मिनिमलिझम म्हणतात, १९६० च्या दशकात टेरी रायली, स्टीव्ह राईश, फिलिप ग्लास या मंडळींनी ती सुरू केली. ॲडम्स त्यांच्या दहाएक वर्षं मागचा. त्याने वेगळं काय केलं तर ही पुनरावृत्तीची पद्धत उचलली आणि नव्वद-शंभर वादकांच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात नेली, आणि तिच्यात वॅग्नर, मालर, सिबेलियस या आधीच्या काळातल्या कंपोझरांकडचा भावनेचा पसारा आणला. त्यामुळे त्याचं संगीत एका बाजूला यंत्रासारखं धावतं आणि दुसऱ्या बाजूला एकदम हळवं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच रचनेत असतात. मला तो आवडतो तो यामुळेच.

सुरुवात करण्याआधी दोन-तीन कामाच्या गोष्टी. सर्च करताना नुसतं जॉन ॲडम्स टाकलंत तर अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष येतो, आणि त्याहून घोळ म्हणजे जॉन लूथर ॲडम्स नावाचा दुसराच एक कंपोझर आहे, तोही अमेरिकन, तोही हयात, अलास्कात कित्येक वर्षं राहिलेला, त्याची 'बिकम ओशन' नावाची रचना खूप गाजलेली आहे, २०१४ चं पुलित्झर तिला मिळालं. तीही ऐकाच कधीतरी, पण तो माणूस वेगळा. त्यामुळे नावासोबत रचनेचं नाव टाकून शोधा.

ॲपमध्ये गाण्यामागून गाणं मिसळणारं क्रॉसफेड असतं ते बंद करा, आवाज सगळीकडे सारखा करणारं सेटिंग असतं तेही बंद करा. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. सिनेमाची गाणी साधारण एकाच आवाजात रेकॉर्ड केलेली असतात, ऑर्केस्ट्राचं तसं नसतं, कुजबुजीपासून छत उडेल इथपर्यंत सगळं एकाच ट्रॅकमध्ये असतं आणि तो फरक हाच संगीताचा अर्धा अर्थ असतो. रचनेतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा भाग आधी शोधून त्यावर आवाज सेट करा आणि मग पहिल्यापासून लावा, नंतर हात लावू नका. लोकल ट्रेनमध्ये, रिक्षात ऐकू नका, हळू भाग सगळे गायब होतात आणि मग अध्येमध्ये नुसता गोंगाट ऐकू येतो. फोनच्या स्पीकरवर तर नकोच, खालचे सूर त्यात येतच नाहीत आणि ॲडम्सचा सगळा डोलारा खालच्या सुरांवर उभा असतो. साधे बरे हेडफोन चालतील, महागाचे घ्यायची काही गरज नाही.

पहिली रचना: 'शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन', १९८६ ची, जेमतेम चार-साडेचार मिनिटांची. पिट्सबर्ग सिम्फनी आणि कंडक्टर मायकल टिल्सन थॉमस यांच्यासाठी एका महोत्सवाच्या सुरुवातीला वाजवायला म्हणून लिहिलेली. नावाबद्दल ॲडम्सने सांगितलंय की कुणीतरी आपल्याला भन्नाट स्पोर्ट्स कारमध्ये बसायला बोलावतं आणि बसल्यावर वाटतं कशाला बसलो, तशी ती अवस्था आहे.

ही एक रचना मी सांगतो तशी तीन-चारदा ऐका. पहिल्यांदा फक्त वुडब्लॉककडे लक्ष द्या, लाकडाचा ठोकळा, सुरुवातीलाच टक टक टक सुरू होतो आणि थांबतच नाही. तो पकडून ठेवा. थोड्याच वेळात तुमच्या लक्षात येईल की बाकीचा ऑर्केस्ट्रा त्या टकटकीबरोबर चाललेला नाहीये, त्याच्या आड चाललाय, ट्रंपेटचे आघात भलत्याच जागी पडतायत आणि तुमचा हात गोंधळतोय. तबल्याच्या सोलोत वादक आडलयीत गेला की आपण जसं मनातल्या मनात मात्रा घट्ट धरून बसतो तसंच इथे करायचं, हात सोडायचा नाही. दुसऱ्यांदा ऐकताना वुडब्लॉक सोडा आणि फक्त खालचे सूर ऐका, ट्यूबा, ट्रॉम्बोन, डबल बेस, ते कधी येतात आणि आल्यावर वरच्या त्याच त्या स्वरांचा अर्थ कसा बदलतो ते बघा. वरचे स्वर बऱ्याचदा तेच असतात, खालचा सूर बदलला की तेच स्वर वेगळे ऐकू येतात. तिसऱ्यांदा शेवटचा मिनिट नीट ऐका. तिथे ठोकळ्याची सक्ती सुटते आणि ट्रंपेट एकदम मोठी, मोकळी, लांब स्वरांची ओळ घेतात. तीन मिनिटं मानेवर बसलेला ठेका गेला की जे वाटतं ते शब्दात सांगणं अवघड आहे, पण ते वाटावं म्हणूनच आधीची सगळी टकटक होती. ज्याला हे एकदा जाणवलं त्याला ॲडम्स कळायला लागला असं समजा.

या रचनेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री ती दोनदा ठरली आणि दोन्हीदा काढावी लागली, १९९७ ला डायानाच्या गाडीच्या अपघातानंतर आणि २००१ ला ११ सप्टेंबरनंतर, निव्वळ नावामुळे. संगीत इतकं आनंदी आहे तरी.

'शॉर्ट राइड'च्याच सुमारास ॲडम्सने 'ट्रोम्बा लोन्ताना' पण लिहिली, तीही अशीच छोटी, पण अगदी उलट स्वभावाची, शांत, दोन ट्रंपेट दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना हळू साद देतात. 'शॉर्ट राइड'च्या लगेच मागून लावा, चार मिनिटांचं काम आहे, कान निवतात.

पुढची पायरी म्हणून बरेच लोक 'द चेअरमन डान्सेस' सांगतात आणि मीही तेच सांगेन. १९८५ ची, बारा-तेरा मिनिटांची, ॲडम्स तेव्हा 'निक्सन इन चायना' हा ऑपेरा लिहित होता त्यातून बाजूला काढलेला तुकडा. प्रसंग असा की मेजवानीत माओची बायको न बोलावता येते, माओ स्वतःच्या तसबिरीतून खाली उतरतो आणि दोघं फॉक्सट्रॉट नाचायला लागतात. इथे ज्यांना धून हवीच आहे त्यांना ती मिळते, मधल्या भागात तंतुवाद्यं अगदी जुन्या सिनेमातल्यासारखी गोड होतात. शेवट नक्की ऐका, सगळे हळूहळू उठून जातात आणि नुसती तालवाद्यं आणि पियानो खरखरत उरतात, ग्रामोफोनची चावी संपत आल्यासारखी.

'शेकर लूप्स' पण याच टप्प्यावर चालेल. मूळ १९७८ ची सात तंतुवाद्यांसाठीची रचना, नंतर १९८३ ला पूर्ण स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी केलेली. मी ऑर्केस्ट्राचीच सुचवेन, पण मूळची जास्त टोकदार आहे असं म्हणणारेही भेटतात आणि त्यांचंही खरंय. यात चार भाग आहेत, दुसरा भाग इतका हळू आहे की काही घडतच नाहीये असं वाटेल, तिथे धीर धरा, पुढे चेलो येतात.

इथवर आलात की 'हार्मोनीलेरे'. हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि मला जर कुणी म्हणालं की ॲडम्सचं एकच काहीतरी सांग तर मी हेच सांगेन. साधारण चाळीस मिनिटं, तीन भाग, २१ मार्च १९८५ ला सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीने एडो द वार्टच्या हाताखाली पहिल्यांदा वाजवलं. नाव आर्नोल्ड शोनबर्गच्या १९११ च्या हार्मनीवरच्या जाडजूड पुस्तकाचं. शोनबर्ग म्हणजे ज्याने सुरांची घरं, मेजर-मायनर, षड्जाकडे परतणं हे सगळं सोडून दिलं तो माणूस, आणि ॲडम्सचा हार्वर्डमधला शिक्षक लिऑन कर्शनर हा शोनबर्गचा विद्यार्थी. म्हणजे ॲडम्स तसा त्याच परंपरेत वाढलेला, पण त्याला तो रस्ता मानवला नाही. त्याला स्वरांचं घर हवं होतं. त्या पुस्तकाचं नाव घेऊन त्याने जे लिहिलंय ते सगळं त्या घराकडे परत जाण्याबद्दल आहे.

त्याआधी तो वर्षभराहून जास्त काळ अडकून पडला होता, काही सुचत नव्हतं. मग एक स्वप्न पडलं: सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवरून तो चाललाय आणि खाडीतलं एक प्रचंड तेलवाहू जहाज अचानक नाक वर करून उभं राहतं आणि सॅटर्न रॉकेटसारखं आकाशात सुटतं. ती ऊर्जा म्हणजे पहिल्या भागाची सुरुवात. पूर्ण ऑर्केस्ट्रा ई मायनरचा आघात करतो, परत करतो, परत करतो, आघातांमधलं अंतर बदलत जातं आणि तुम्हाला पुढचा कधी पडेल ते सांगता येत नाही. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा मोजायला जाऊ नका, नुसतं अंगावर घ्या. मग आघात मोडून त्याचे तुकडे होतात, ते धावायला लागतात, आणि भागाच्या मधोमध वेग उतरतो आणि तंतुवाद्यं एक लांबच लांब ओळ सुरू करतात, संपता संपत नाही अशी, आस लागल्यासारखी. मिनिमलिझममध्ये असलं काही करायची तेव्हा पद्धत नव्हती. नंतर पुन्हा वेग चढतो आणि शेवटी परत तेच ई मायनरचे आघात. सतरा मिनिटांत एक पूर्ण चक्कर.

सल्ला असा की पहिल्या दिवशी एवढाच भाग ऐका आणि बंद करा. खरंच. चाळीस मिनिटं सलग ऐकायची सवय नसेल तर दुसऱ्या भागात लक्ष उडतं आणि दुसरा भाग असा आहे की तिथे लक्ष उडलं तर काहीच हाती लागत नाही.

दुसऱ्या भागाचं नाव 'द अन्फोर्तास वूंड'. जुन्या युरोपी कथेतला राजा, ज्याची जखम कधीच भरत नाही. हा भाग आजारपणाबद्दल आहे, शरीराच्या आणि मनाच्याही. काळोख्या खालच्या सुरांत सुरू होतो, एक ट्रंपेट एकटा त्यावर जातो, आणि हळूहळू सगळं साचत साचत दोनदा फुटतं. दुसऱ्यांदा फुटतं ती स्वरसंगती म्हणजे मालरच्या अपूर्ण राहिलेल्या दहाव्या सिम्फनीतल्या त्या भयंकर किंकाळीची आठवण आहे. इथे ठेका शोधू नका, हा भाग लयीवर चालत नाही. इथे श्वासाने ऐकायचं, विलंबित ऐकतो तसं, सम कधी येईल याची घाई न करता. रात्री, दिवे कमी करून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

तिसरा भाग मात्र सगळ्यांना आवडतो. नाव विचित्र आहे, 'माइस्टर एकहार्ट अँड क्वॅकी'. क्वॅकी म्हणजे ॲडम्सची तेव्हा तान्ही असलेली मुलगी एमिली, तिचं घरातलं लाडाचं नाव, आणि एकहार्ट हा मध्ययुगातला जर्मन संत. याचंही मूळ स्वप्नातच, की ती बाळ त्या संताच्या खांद्यावर बसून ताऱ्यांमधून फिरतेय आणि त्याच्या कानात काहीतरी सांगतेय. अंगाईसारखी हळू सुरुवात होते, वरच्या पट्टीतली व्हायोलिन, हार्प, सेलेस्टा, सगळं लकाकतं. मग ठेका येतो, वाढत जातो, वेगवेगळ्या स्वरांची घरं एकमेकांवर आपटायला लागतात आणि शेवटची दोन-तीन मिनिटं, आता इथे काय ऐकायचं ते सांगतो, ब्रास, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोन वगैरे, काय करतंय ते बघू नका, खाली ई फ्लॅटचा सूर पक्का धरला जातो तो पकडा. तानपुऱ्यावर जसा षड्ज असतो तसा तो खाली उभा राहतो आणि वरची सगळी भांडणं त्यात विरघळतात. दुसरा भाग ऐकून मग हा ऐकला तरच याची किंमत कळते, म्हणून तिसरा सुटा ऐकायचा मोह टाळा. तीन बैठकांत तीन भाग झाले की मग एखाद्या रविवारी सलग तिन्ही ऐका.

रेकॉर्डिंग कुठलं घ्यायचं? माझी पसंती मायकल टिल्सन थॉमसची, सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबरची, २०१२ ला आलेली, सोबत 'शॉर्ट राइड'पण आहे, तिला ग्रॅमी मिळालं होतं पण ते जाऊद्या, त्यात खालचे सूर ज्या स्पष्टपणे ऐकू येतात तेवढ्यासाठी घ्या. द वार्टची पहिली रेकॉर्डिंग जास्त खडबडीत आहे, त्यातही एक मजा आहे. कंडक्टर सायमन रॅटलने बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलेलीसुद्धा फार चांगली. आधी एकच ठरवा आणि तीच दहा वेळा ऐका, तुलना करायला आयुष्य पडलंय.

आता एक रचना जी मराठी माणसाने तर ऐकायलाच पाहिजे असं मला वाटतं: 'द धर्मा ॲट बिग सर', २००३. लॉस एंजेलिसचा वॉल्ट डिझ्नी कॉन्सर्ट हॉल उघडला तेव्हा कंडक्टर एसा-पेक्का सालोनेनने पहिल्यांदा वाजवली. इलेक्ट्रिक व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा, ट्रेसी सिल्व्हरमन नावाचा व्हायोलिनवादक आहे, सहा तारांचं वाद्य वाजवतो, त्याला ऐकूनच ॲडम्सला ही सुचली. ॲडम्सने या रचनेबद्दल लिहिताना म्हटलंय की युरोपी शास्त्रीय संगीत सोडलं तर जगात जवळपास सगळीकडे संगीताचा खरा अर्थ स्वरांच्या मधल्या जागेत असतो, आणि उदाहरणात राग विस्तारणारा भारतीय उस्ताद आणि रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स दोघांना एकत्र घेतलंय. म्हणजे आपली मींड. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही, आपण लहानपणापासून तेच ऐकतोय.

दोन भाग आहेत. पहिला 'अ न्यू डे', लू हॅरिसन या कंपोझरला वाहिलेला. खाली आधार सूर धरलेले, आणि त्यावर व्हायोलिन घसरत, रेंगाळत, एखाद्या स्वराला खालून स्पर्श करत जातं, सरळ आलाप वाटतो. वाटतं की सुचेल तसं वाजवतोय, पण ॲडम्सने सगळं काटेकोर लिहून दिलेलं आहे. दुसरा भाग 'श्री मूनशाइन', टेरी रायलीला वाहिलेला, आणि इथे खरा धागा लागतो. रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शागीर्द. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वाहिद खाँसाहेबांकडे शिकलेले. आणि त्याच वाहिद खाँसाहेबांकडे आपल्या हिराबाई बडोदेकर शिकल्या. म्हणजे ज्या तालमीतून हिराबाईंचा तो स्वच्छ सूर आला त्याच तालमीचा एक धागा कॅलिफोर्नियात रायलीपर्यंत गेला आणि रायलीला मनात धरून ॲडम्सने हा भाग लिहिला. मी हिराबाईंची एखादी विलंबित रेकॉर्ड ऐकून मग ही लावतो, तुम्हीही करून बघा, स्वरावर थांबायची जी पद्धत आहे ती ओळखीची वाटते. अर्थात हे हिंदुस्तानी संगीत नाही, राग शोधायला जाऊ नका, हाती काही लागणार नाही.

आणखी एक, या रचनेसाठी ॲडम्सने पियानोच्या समसमान बारा भागांचं ट्यूनिंग सोडून जस्ट इंटोनेशन वापरायचं ठरवलं, म्हणजे निसर्गतः जुळणारे स्वर, जे जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येतात. बाजाच्या पेटीबरोबर गाताना गंधार का खुपतो हे ज्याला माहितेय त्याला हार्प आणि कीबोर्ड इथे वेगळे का चमकतात ते लगेच कळेल. सिल्व्हरमनने बीबीसी सिम्फनीबरोबर केलेली, ॲडम्सने स्वतः कंडक्ट केलेली रेकॉर्डिंग ऐका.

यानंतर 'ऑन द ट्रान्समायग्रेशन ऑफ सोल्स'. ही मी यादीत मुद्दाम उशिरा ठेवलीय. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांसाठी लिहायला सांगितली, १९ सप्टेंबर २००२ ला कंडक्टर लॉरिन माझेलने पहिल्यांदा वाजवली, २००३ चं पुलित्झर मिळालं. पंचवीस मिनिटं. ऑर्केस्ट्रा, मोठ्यांचा कोरस, मुलांचा कोरस आणि रेकॉर्ड केलेले आवाज. सुरुवात शहराच्या आवाजांनी होते, रहदारी, पावलं, आणि मग एक लहान मुलगा 'मिसिंग' एवढा एकच शब्द परत परत म्हणतो आणि त्यात नावं वाचणारे आवाज मिसळतात. कोरस जे गातो ते शब्द त्या दिवसांत भिंतींवर लागलेल्या हरवल्याच्या पत्रकांवरचे, घरच्यांनी लिहिलेले, अगदी साधे. दूर एक ट्रंपेट आहे तो चार्ल्स आइव्हज या जुन्या अमेरिकन कंपोझरच्या ट्रंपेटची आठवण करून देतो.

ही ऐकताना शब्द समोर ठेवा, रेकॉर्डिंगच्या पुस्तिकेत असतात आणि नेटवरही मिळतात. काम करता करता ऐकू नका, कुणाला नमुना म्हणून पाच मिनिटं ऐकवू नका, दिवसातून दोनदा ऐकू नका. यात रडवण्यासाठी म्हणून काही केलेलं नाही, मोठा शोकगीताचा सूर नाही, नावं शांतपणे वाचली जातात, आणि मधे एकदा ऑर्केस्ट्रा जो काही उसळतो त्याच्यासाठी आवाज आधी नीट सेट करून ठेवा, नाहीतर हात व्हॉल्यूमकडे जातो आणि तो क्षण गेला.

'द वूंड-ड्रेसर'ही याच ओळीतली, १९८८ ची, वॉल्ट व्हिटमनने अमेरिकन यादवीत जखमी सैनिकांची शुश्रूषा केली त्यावरच्या त्याच्याच कवितेची, एक बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीतला पुरुषी आवाज, आणि ऑर्केस्ट्रा. आजारी माणसाजवळ रात्र काढलेल्या कुणालाही ती भिडेल.

यापुढे तुम्हाला माझी गरज नाही, पण थोडं सांगून ठेवतो. व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा, १९९३, याचा मधला भाग शकोन आहे, म्हणजे खाली एकच ओळ फिरत राहते आणि वर व्हायोलिन मोकळं. लेहऱ्यावर तबला ऐकायची सवय असेल तर लेहरा ऐकतो तशी ती खालची ओळ आधी पाठ करा मग वरचं ऐका. गिडॉन क्रेमर या व्हायोलिनवादकाची रेकॉर्डिंग आहे. पहिला भाग मात्र सोपा नाही, व्हायोलिन जवळजवळ थांबतच नाही आणि कान थकतात, म्हणून मी दुसऱ्या भागापासून सुरू करायला सांगतो. 'शहरजाद डॉट टू' २०१५ ला न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली, लीला जोसेफोविच या व्हायोलिनवादिकेसाठी लिहिलेली, अरेबियन नाइट्समधली शहरजाद आजच्या काळात असती तर धर्मांध पुरुषांसमोर कशी उभी राहिली असती यावर, पन्नास मिनिटांच्या आसपास, चार भाग, आणि तिसऱ्या भागात दाढीवाल्यांची पंचायत तिच्यावर ओरडते आणि व्हायोलिन एकटं उत्तर देतं ते ऐकाच. 'सिटी न्वार' २००९ ची, कंडक्टर गुस्ताव्हो डुडामेल लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राकडे आला त्याच्या पहिल्या कॉन्सर्टसाठी, जुन्या अमेरिकन गुन्हेपटांच्या वातावरणातली, सॅक्सोफोन भरपूर, जॅझ आवडणाऱ्यांनी थेट इथून सुरू केलं तरी चालेल. 'ॲब्सोल्यूट जेस्ट' बीथोवनच्या शेवटच्या क्वार्टेट्सचे, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांचे, तुकडे घेऊन केलीय, ते क्वार्टेट आधी ऐकलेले नसतील तर मजा निम्मी होते, तेव्हा थांबा. 'नाइव्ह अँड सेंटिमेंटल म्युझिक' मोठी आहे, जवळजवळ पाऊण तास, मला 'हार्मोनीलेरे'इतकी नाही आवडत, पण तिच्या मधल्या भागातली गिटार फार सुंदर.

स्कोअर, म्हणजे लिहिलेलं नोटेशन, वाचता यायला पाहिजे का? नाही. पण व्हिडिओवर स्कोअर सरकत जाणारे बरेच आहेत ते एकदा बघा, नोटेशन येत नसलं तरी नजरेला कळतं की एकच आकृती पानभर चाललीय आणि कुठे एक ठिपका बदलला. ॲडम्सने स्वतः प्रत्येक रचनेवर साध्या भाषेत टिपणं लिहिलीत, ती त्याच्या इअरबॉक्स नावाच्या साइटवर फुकट आहेत. टिपण मात्र एकदा ऐकून झाल्यावर वाचा, आधी वाचलं की तेच ऐकू येतं. शिवाय त्याची 'हॅलेलूया जंक्शन' ही आत्मकथा आहे, २००८ ची, छान लिहिलीय.

आणि प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा ऐका, कुठलाही. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन असतात, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास, तिथे ॲडम्स असेलच असं नाही, पण आठ डबल बेस एका वेळी वाजले की खुर्ची कशी थरथरते हे एकदा अंगाने कळलं की घरी हेडफोनवर ऐकतानाही तुम्ही ते मनात भरून घेता. पुण्याचे लोक सकाळी निघून कॉन्सर्ट करून रात्री परत येऊ शकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला किंवा लॉस एंजेलिसला असाल तर तुमचं नशीब, 'हार्मोनीलेरे' जिथे पहिल्यांदा वाजलं तो डेव्हिस हॉल आणि 'धर्मा'वाला डिझ्नी हॉल दोन्ही चालू आहेत, ॲडम्स स्वतः कंडक्टही करतो, सीझनचं वेळापत्रक आलं की त्याचं नाव शोधा. सीट घेताना पहिल्या रांगांचा आग्रह धरू नका, तिथे नुसती व्हायोलिन ऐकू येतात. वर बाल्कनीत, मधोमध, स्वस्तातली मिळते ती घ्या, तिथून सगळी वाद्यं मिसळून येतात आणि तालवाद्यवाले काय धावपळ करतायत तेही दिसतं. एकेक भाग संपला की टाळ्या वाजवू नका, सगळी रचना संपून कंडक्टरचे हात खाली आले की वाजवा.

जगात कुठूनही घरबसल्या बघायचं तर बर्लिन फिलहार्मोनिकचा डिजिटल कॉन्सर्ट हॉल आहे. २०१६-१७ ला ॲडम्स त्यांच्याकडे निवासी कंपोझर होता, त्या सीझनमधलं त्याचं काम त्यांनी 'द जॉन ॲडम्स एडिशन' म्हणून वेगळंही काढलंय. व्हिडिओ बघताना कॅमेरा ज्या वाद्यावर जातो तिकडेच कान जातो, त्यामुळे एकदा बघून झालं की डोळे मिटून परत एकदा नुसतं ऐका.